गोधडी प्रकल्प: आठ पडदे आणि एक शिलालेख

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

नाशिक, इंदिरानगरला ताईकडे. ओवाळणं होतंय न होतंय तोच दाजींनी लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला. ताई म्हणाली, "अहो, त्याला लाडू तरी खाऊ द्या." दाजींचं लक्षच नव्हतं.

दाजी शाळेत इतिहास शिकवतात. गेल्या महिन्यात, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून त्यांनी एक ध्यास घेतलाय. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, पोरांना पांडवलेण्यातला शिलालेख वाचायला द्यायचा. तिसऱ्या लेण्यातला, गौतमी बलश्रीचा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला लेख, आणि त्यात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. लेणी शाळेपासून जवळच, पण व्हरांड्यातल्या त्या भिंतीपुढे साठ पोरं एकदम उभी राहून अक्षरं बघणार कशी?

शाळेतला प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा. म्हणजे एकूण ७ लाख ८६ हजार पिक्सेल, आठ फुटी पडद्यावर ताणलेले. एकेक पिक्सेल जवळपास २.४ मिमीचा. अख्खा लेख दाखवला की अक्षराच्या वाट्याला रुंदीत सहा पिक्सेल येतात आणि मुंग्यांची रांग दिसते. झूम केलं तर तीन शब्द दिसतात आणि आपण कुठल्या ओळीत आहोत तेच कळत नाही.

दाजी म्हणाले, "मोठं दिसतं रे, पण वाचता येत नाही."

"बघतो" म्हणालो. हा शब्द महागात पडणार आहे.

५ नोव्हेंबर

दाजींचा पहिला प्रस्ताव: लग्नात असते तशी एलईडी वॉल भाड्याने आणू. धंद्यातल्या दोघांना फोन केला. बाजारात सर्रास मिळतो तो पी ३.९, म्हणजे एकेक पिक्सेल ३.९ मिमीचा. अर्ध्या मीटरच्या चौकोनी कॅबिनेटमध्ये १२८ × १२८ पिक्सेल. चार मीटर रुंद, दोन मीटर उंच भिंत उभी केली तर झाले १०२४ × ५१२. शाळेच्या प्रोजेक्टरपेक्षाही कमी! दाजींना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. एवढी झगझगीत भिंत, नवरीच्या नथीतला मोती दिसतो त्यात. दिसतो, कारण कॅमेरा मोत्यावर नेलेला असतो आणि आपण पंगतीतून, साठ फुटांवरून बघत असतो.

या वॉलची ताकद उजेड आणि आकार. सिंहस्थात घाटावरच्या गर्दीला लांबून दिसायला याच लागतील. जवळ जाऊन वाचायला नाही.

८ नोव्हेंबर

डोळ्याचा हिशेब एकदाचा कागदावर मांडला. साधारण चांगली, म्हणजे चष्म्याच्या भाषेत ६/६ नजर एका कलेएवढा, अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्यावरून सोपं सूत्र निघतं: पिक्सेलच्या मापाला ३४३८ ने गुणलं की ते अंतर मिळतं, जिथून पुढे पिक्सेल एकमेकांत मिसळून जातात.

पी ३.९ एलईडी: साडेतेरा मीटर.
शाळेचा प्रोजेक्टर: आठ मीटर.
५५ इंची फुल एचडी टीव्ही: दोन मीटर वीस.
२७ इंची ४के (३८४० × २१६०) मॉनिटर, पिक्सेल ०.१५६ मिमी: अवघे ५४ सेंटिमीटर.

तरुण डोळे यापेक्षा तेज असतात आणि माझे चाळिशीनंतरचे मंद, त्यामुळे हे आकडे दोऱ्याने आखलेले नव्हेत. पण दिशा स्पष्ट आहे. पोरांनी नाक लावून छिन्नीचा घाव बघावा असं वाटत असेल तर पुस्तकाच्या अंतरावर टिकणारा पिक्सेल हवा. तो मॉनिटरमध्ये आहे. एक मॉनिटर दोन फुटांचा. मग आठ जोडायचे: चार आडवे, दोन थर. १५३६० × ४३२०, एकूण ६ कोटी ६३ लाख पिक्सेल. रुंदी पुन्हा तीच आठ फूट, फक्त प्रोजेक्टरच्या ८४ पट ठिपके.

सईला (भाची, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष) पाठवलं. तिचं उत्तर: "मामा, हे तर गोधडी शिवण्यासारखं आहे." नाव पडलं.

१२ नोव्हेंबर

मुख्याध्यापिका बाईंचा रास्त प्रश्न: सरळ एक ८के टीव्ही का घेत नाही? उत्तर लिहून दिलं. ८के म्हणजे ७६८० × ४३२०, ३ कोटी ३२ लाख पिक्सेल, आपल्या गोधडीच्या बरोबर निम्मे. लेख लांबट आहे, टीव्हीचा वरखालचा भाग रिकामा जाईल. आणि किंमत विचारून आलोय. बाईंनी शेवटचं वाक्य आधी वाचलं, बाकीचं वाचायची गरज पडली नाही.

नावांचा घोळ मात्र समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. सिनेमावाल्यांचं ४के ४०९६ रुंद, २००५ च्या डिजिटल सिनेमाच्या मानकातलं. टीव्हीवाल्यांचं ३८४०. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१२ साली बीटी.२०२० हे मानक काढलं, त्यात ३८४० आणि ७६८० दोन्ही बसवले. त्याच वर्षी दुकानदारीसाठी 'अल्ट्रा एचडी' हे नाव रूढ झालं. आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन विचारतं, "अल्ट्रा आहे का?" मी हो म्हणतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेणी. सकाळी लवकर, गर्दीच्या आत. ट्रायपॉड आणि फ्लॅशला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, म्हणून हातातच कॅमेरा. २४ मेगापिक्सेल, तुकड्यातुकड्याने ४४ फोटो, प्रत्येक फोटोत शेजारच्याचा एकतृतीयांश भाग यावा असं.

ऊन तिरकं आलं की अक्षरं उठून दिसतात. समोरून उजेड पडला की दगड सपाट होतो. दाजी अर्धा तास नुसते उजेड बघत बसले आणि मग एकदम "आत्ता!" म्हणाले. त्यांचा अंदाज बरोबर निघाला, माझे हात नाही. घरी येऊन बघतो तर १७ फोटो हललेले. मोबाइलवर छान दिसतात. पूर्ण आकारात प्रत्येक अक्षराला दुहेरी कड.

म्हणजे सहा कोटी पिक्सेलचा पडदा करून त्यावर माझ्या हाताचा कंप दाखवायचा. पुन्हा जायचं.

२० नोव्हेंबर, मतदान

शाळेत मतदान केंद्र, दाजी ड्युटीवर. मी मत देऊन अंबडला गेलो. एका कंपनीने ऑफिस आवरलं, तिथले २७ इंची ४के मॉनिटर, सगळे एकाच मॉडेलचे. आठ लावायला, एक राखीव. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून नऊ नग ७६,५०० ला. नवव्याच्या खालच्या कोपऱ्यातून पांढरा उजेड झिरपतो. राखीव तोच.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्यांदा लेणी. या वेळी शटर जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवलेला, आणि प्रत्येक तुकड्याचे पाच फोटो. घरी बसून त्यातला सर्वांत करकरीत निवडायचा. दाणे आले थोडे, चालतील. दाणा डोळा माफ करतो, हललेली कड करत नाही.

हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी रात्रभर. सकाळी ३१,२०० × ८,९५० चं चित्र तयार. एक सांधा दगडाच्या भेगेवर आला होता आणि भेगेची टोकं जुळत नव्हती. दाजींनी चहाचा कप हातात असतानाच बोट ठेवलं. लेण्यातली भेग त्यांना पाठ आहे. मला आमच्या बिल्डिंगमधली नाही.

१ डिसेंबर, रविवार

आख्खा रविवार वाया. जुन्या बाजारातून दोन क्वाड्रो पी४००० ग्राफिक्स कार्डं मिळाली, प्रत्येकाला मॉनिटर जोडायचे चार डिस्प्लेपोर्ट. दोन्ही एका मशीनमध्ये, लिनक्स. आठही पडदे लागले, टाळ्या झाल्या, आणि माउस हलवला तर बैलगाडीत बसल्यासारखा. पाच पडदे ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं), तीन ३० वर.

केबल बदलल्या. कार्डं बदलली. ड्रायव्हर काढून टाकला, परत घातला. दुपारी सईने त्या तीनपैकी एका मॉनिटरचं बटण दाबून मेनू उघडला, 'सेटिंग'च्या आत 'इतर', त्याच्या आत 'डीपी १.१ / डीपी १.२'. डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट, पुढचा आकडा आवृत्तीचा. तीन मॉनिटरवर १.१ निवडलेलं.

हिशेब साधा होता, मी आधी करायला हवा होता. ३८४० × २१६० × २४ बिट × ६० वेळा म्हणजे सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट. डीपी १.१ मधून जेमतेम ८.६ जातात, १.२ मधून १७.३. पाइप अरुंद, म्हणून कार्ड मुकाट्याने ३० वर उतरलं. एक अक्षर तक्रार नाही. २००९ च्या एचडीएमआय १.४ चंही हेच दुखणं होतं: ४के चालतं, पण ३० वर. ६० साठी २०१३ चं २.० यावं लागलं, आणि ८के ६० साठी २०१७ चं २.१. काच दरवेळी आधी तयार असते, तार मागून येते.

सई: "मामा, आधी मेनू बघायचा असतो." ही पोरगी दाजींवर गेली आहे.

४ डिसेंबर

रात्री झोप येईना म्हणून जुन्या गोष्टी वाचत बसलो. सईचा गोधडी शब्द मला वाटला त्यापेक्षा खोल निघाला.

२००१ चा आयबीएमचा टी२२१. २२ इंची मॉनिटर, ३८४० × २४००, तब्बल ९२ लाख पिक्सेल, इंचाला २०४. ज्या काळात आमच्या सायबर कॅफेत १५ इंची डबे होते त्या काळात! पण हे सगळं एका तारेतून नेणारं कोणी नव्हतं. एकच डीव्हीआय (तेव्हाची मॉनिटरची तार) जोडली तर चित्र सेकंदाला १३ वेळा बदलायचं. म्हणून चार केबल, पडद्याचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याला आपली तार. बाहेरून एक काच, आतून गोधडी.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं, एनएचकेचं काम त्याहून आधीचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर ही मंडळी एचडीच्या मागे लागली. ते साधल्यावर ८केच्या. सुरुवातीला ८केचा एकसंध सेन्सर नव्हता, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात चार सेन्सर होते, प्रत्येकी साधारण ४केचे, आणि हिरव्या रंगाचे दोन सेन्सर अर्ध्या पिक्सेलने सरकवून बारीक तपशील मिळवलेला. रेकॉर्डिंगला १६ एचडी रेकॉर्डर शेजारी शेजारी लावले. त्यात १८ मिनिटं मावायची. २००५ च्या आइची प्रदर्शनात ६०० इंची पडद्यावर लोकांना दाखवलं. घराघरात पोचणारं ८के चॅनल सुरू झालं ते १ डिसेंबर २०१८ ला.

आणि २०१३ च्या सुमाराचे पहिले ४के ६० हर्ट्झ मॉनिटर! कॉम्प्युटरला ते दोन वेगळे १९२० × २१६० चे पडदे वाटायचे. कधी कधी बूट होताना अर्धाच उजळायचा. असा एक माझ्याकडे दुरुस्तीला आला होता आणि पॅनल गेलंय म्हणून मी तो परत पाठवला होता. पॅनल चांगलं होतं. त्या गिऱ्हाइकाची आज मनातल्या मनात माफी मागितली.

अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठाने २०१२ मध्ये ४१६ मॉनिटर लावून चार भिंतींची खोली केली, दीड अब्ज पिक्सेल. आमचे आठ. असो.

म्हणजे हे तंत्र पुढे सरकलं ते असं: पुरेसा मोठा एकसंध तुकडा कधीच वेळेवर मिळाला नाही, लोकांनी होते ते तुकडे शिवले आणि सांधा लपवायच्या युक्त्या शोधल्या. काही वर्षांनी एकसंध तुकडा आला की युक्ती अडगळीत. मग त्याहून मोठं काहीतरी हवं झालं आणि परत सुई-दोरा.

११ डिसेंबर

सातपूरला मिस्त्रींकडे सांगाडा टाकला. एमएसचा (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, मॉनिटरच्या पाठीला १०० × १०० ची भोकं, एम४ चे बोल्ट. मिस्त्री माणूस सोन्यासारखा, पण मी "अर्ध्या मिमीत बसलं पाहिजे" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून बिडी पेटवली. "साहेब, ही खिडकीची ग्रिल आहे का घड्याळ?"

एक मिलिमीटर म्हणजे सहा पिक्सेल. ओळ एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना सहा पिक्सेलची पायरी डोळ्याला लगेच खटकते. भोकं गोल न ठेवता लांबट खाचा पाडायचं ठरलं, म्हणजे बसवल्यावर सरकवता येईल. कल्पना मिस्त्रींचीच. बिडी संपली तेव्हा सुचली म्हणाले.

२२ डिसेंबर, रविवार

सांगाडा उभा. वॉशर आणि पत्र्याच्या पॅकिंगने आठ पडदे एका पातळीत आणायला साडेपाच तास. पडद्यावर एक तिरकी रेघ काढली आणि ती टोकापासून टोकापर्यंत अखंड वाटेपर्यंत बोल्ट पिळत राहिलो. आडव्या-उभ्या रेघा फसवतात. तिरकी खरं बोलते.

२९ डिसेंबर, रविवार

भांडण. खरंखुरं.

दोन पडद्यांमध्ये काळी पट्टी १४ मिमीची, दोन्हीकडच्या कडा मिळून. पिक्सेलमध्ये ९०. आता दोन मार्ग. पहिला: पट्टी नाहीच असं समजून चित्र सलग लावायचं. काहीच लपत नाही, पण सांध्यावर प्रत्येक गोष्ट १४ मिमी फाकते. भेग मोडते, अक्षर मधून तुटून दोन्हीकडे पसरतं. दुसरा: पट्टीमागे चित्र आहेच, फक्त दिसत नाही असं धरायचं. खिडकीच्या गजांमधून अंगण दिसतं तसं. रेघ सरळ राहते, डोळ्याला बरं वाटतं. मोठ्या भिंती करणारे बहुतेक हाच मार्ग घेतात.

मी दुसरा लावला होता. दाजी आले, पहिली ओळ वाचत गेले आणि पट्टीपाशी थांबले.

"इथलं अक्षर कुठंय?"

"पट्टीमागे, दाजी."

"पट्टीमागे म्हणजे?"

अख्खा लेख आठ फुटांत बसवला की अक्षराची रुंदी येते ९० पिक्सेल. पट्टी ९०. तीन उभ्या सांध्यांवर, प्रत्येक ओळीतलं एकेक अक्षर, सफाचट. दोन हजार वर्षं ऊन-पाऊस खाऊन जे टिकलं ते माझ्या प्लास्टिकच्या कडेने खाल्लं. दाजी म्हणाले, "अक्षर तुटलेलं चालेल, गाळलेलं चालणार नाही. गाळलेल्या अक्षराने अर्थ फिरतो." मी म्हणालो, तुटलेलं अक्षर पोरं वेगळंच वाचतील, त्यानेही फिरतो. ताई आतून म्हणाली, "जेवायला बसा."

जेवताना सईने तोडगा काढला. मांडणी दुसरी ठेवायची, आणि एक मोठं बटण द्यायचं, शाळेच्या घंटेच्या बटणासारखं. दाबून धरलं की सगळं चित्र दीड अक्षर डावीकडे सरकतं, लपलेलं बाहेर येतं. सोडलं की परत जागेवर. आडव्या सांध्याला तर बटणही नको, तो दोन ओळींच्या मधल्या जागेत बसवता येतो. (पूर्ण नाही. कोरणाऱ्याच्या ओळी उजवीकडे किंचित उतरतात. चित्र अर्धा अंश फिरवून भागवलं.)

दाजींनी पुरणाची पोळी तोडता तोडता मान डोलावली. मान्य.

५ जानेवारी २०२५

सईचं सॉफ्टवेअर. चित्र एकदम उघडलं तर ८४ कोटी बाइट, मशीन घरघरतं. म्हणून लिबव्हिप्स या प्रोग्रॅमने त्याचे २५६ पिक्सेलचे चौकोन पाडले: सर्वांत खालच्या थरात १२२ × ३५, म्हणजे ४२७० तुकडे, वर निम्म्या निम्म्या मापाचे थर. नकाशाच्या अॅपमध्ये असतं तेच. प्रत्येक पडद्यावर ओपनसीड्रॅगन या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची स्वतंत्र खिडकी, आणि प्रत्येक खिडकीला माहीत असतं की एकूण चित्रात आपण कुठे बसलोय. जो भाग दिसतोय तेवढेच तुकडे उचलायचे.

अडचण: सरकवताना आठही खिडक्या आपापल्या मर्जीने हलतात. कवायतीत नवा विद्यार्थी असावा तसा तिसरा पडदा कायम अर्ध्या पावलाने मागे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. सईने हुकूम द्यायची पद्धत बदलली. आधी "सरक" असा निरोप जायचा, आता "अमुक क्षणाला अमुक जागी असा" असा जातो. निरोप कुणाला उशिरा मिळाला तरी हालचाल एकाच क्षणी. तिसरा पडदा सुधारला. दोन कार्डांच्या मधोमध अगदी बारीक फाटल्यासारखं अजून दिसतं, जोरात सरकवलं तर. जोरात सरकवायचं नाही, हा उपाय.

१९ जानेवारी, रविवार

रंग. मला वाटलं होतं हे सोपं जाईल.

दुकानात टीव्ही विकताना फुलं, पोपट, रात्रीची शहरं दाखवतात. तसा व्हिडिओ आठही पडद्यांवर लावला: झकास, एकसारखे. मग शिलालेख लावला आणि आठ वेगवेगळ्या गावचे दगड दिसले. एक निळसर, एक पिवळट, दोन गुलाबी. करडा रंग सर्वांत चुगलखोर. भडक रंगात थोडा फरक लपतो, बेसाल्टच्या करड्यात जरासाही लपत नाही. मॉनिटरची पाठीमागची एलईडी वापराने म्हातारी होते, आणि प्रत्येकाचं वय वेगळं. कोणी ऑफिसात दिवसभर जळलं असेल, कोणी मीटिंग रूममध्ये बसून खाल्लं.

फोटोग्राफर मित्राकडून कलरीमीटर (पडद्याचा रंग मोजायचं यंत्र) उसना आणला. आधी अर्धा तास सगळे तापू द्यायचे, मग प्रत्येकाचं लाल-हिरवं-निळं वेगळं बसवायचं. उजेड सर्वांत मंद जो, त्याच्या पातळीवर इतर सातांना उतरवलं. एकत्र कुटुंबात होतं तसंच.

सात जुळले. खालचा उजवा अजून किंचित गुलाबी. तिथे लेखाचा शेवट आहे, आणि दाजी म्हणतात संध्याकाळच्या उन्हात तो भाग तसाच दिसतो. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण मी वाद घातला नाही.

२ फेब्रुवारी

वीज मोजली: आठ पडदे मिळून ३१० वॅट, मशीन २४०. शाळेच्या हॉलच्या एका प्लगवर निघेल. यूपीएस लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये उभं केलं. टेम्पोतून नेताना एका पडद्याच्या कोपऱ्याला टवका, काच वाचली. राखीव काढावा लागला नाही.

आठवीच्या दहा पोरांवर चाचणी. मी माउस कसा फिरवायचा, झूम कसं करायचं ते समजावून सांगत होतो. दोन मिनिटांनी मागे बघतो तर माउसपाशी कोणीच नाही. सगळी पडद्याला नाकं लावून. एकजण मागे मागे गेला, पूर्ण लेख नजरेत घेतला, मग परत धावत येऊन एकाच अक्षरापाशी उभा राहिला. झूम पायांनी चाललं होतं! पुढे गेलं की छिन्नीचा घाव, मागे गेलं की अख्खी ओळ, आणि कुठे होतो ते विसरायला होत नाही, कारण आपण स्वतःच चालत आलेलो असतो.

सईने सांगितलं की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या बॉल, नॉर्थ आणि बोमन या तिघांनी २००७ मध्ये यावरच काम केलंय: भिंतीएवढ्या तपशीलवार पडद्यापुढे माणसं माउस सोडून चालायला लागतात, आणि शोधायचं ते लवकर सापडतं. मी दोन रविवार माउसच्या झूमवर घालवले होते. आधी सांगायचं ना!

माउस काढून टाकला. बटण तेवढं ठेवलं. पडद्यापुढे सहा फूट जागा मोकळी, खुर्च्या मागे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दहावीची परीक्षा सुरू झाल्याने सकाळी हॉलजवळ आवाज करता येत नाही. संध्याकाळी काम. मशीनचा पंखा कुरकुरतो, तेल दिलं.

दाजींनी एक तक्ता केलाय: डावीकडे ब्राह्मी अक्षर, उजवीकडे आजचं. पडद्याशेजारी साध्या कागदावर. मी म्हटलं, हेही स्क्रीनवर टाकू. नको म्हणाले. कागदावर बोट ठेवता येतं आणि ठसे पुसावे लागत नाहीत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

त्र्यंबककडे जाणारा रस्ता ओसंडून वाहतोय, सातपूरहून शाळेत पोचायला सव्वा तास. एक केबल सैल होती. दाबली. पडदे पुसले, मायक्रोफायबरने, कोरडेच. कोणीतरी आधीच ओल्या फडक्याने पुसून रेघा पाडल्या होत्या.

२७ फेब्रुवारी

दुपारी तीनला सुरू. भाषणं झाली, कविता झाल्या. मग दाजींनी पुढचा कापडी पडदा सरकवला आणि काहीही न बोलता बाजूला उभे राहिले. (हे त्यांना जड गेलं असणार.)

पोरं वीस-वीसच्या गटाने. पहिल्या गटातली एक मुलगी खालच्या थरापाशी उकिडवी बसून म्हणाली, "सर, इथे अधिकचं चिन्ह आहे."

दाजी: "तक्त्यात बघ."

ती कागदापाशी गेली, बोट फिरवलं, परत आली. "क!" मग तिने ओळीतले सगळे क शोधायला सुरुवात केली. चौथ्या पावलाला सांधा आला. थांबली, पट्टीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. मी बटण दाखवलं. तिने दाबलं, चित्र सरकलं, पट्टीमागून अक्षर बाहेर आलं.

"हा पण क आहे. लपला होता."

त्यानंतर बटणासाठी रांग लागली. लेखापेक्षा लपलेलं अक्षर बाहेर काढण्यातच अर्ध्यांना रस. दाजी थोडे नाराज, मी खूश. साडेचारला एका गटाने बटणावर एवढा जोर दिला की ते आत गेलं आणि वर आलंच नाही. चित्र दीड अक्षर डावीकडे सरकलेलं, तसंच राहिलं. आता वेगळी अक्षरं पट्टीमागे. कोणाच्या लक्षात आलं नाही, एका दाजींशिवाय.

२ मार्च

बटण बदललं, या वेळी लोखंडी, ११० रुपये. बाईंनी गोधडी जूनपर्यंत हॉलमध्येच ठेवायला सांगितलंय. खालच्या उजव्या पडद्यावर एक मेलेला पिक्सेल सापडला, नेमका शेवटच्या ओळीत. दाजींना वाटतं तो अनुस्वार आहे. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोत बघून सांगायचं आहे.